अर्गोसची क्रायसिस आणि इतर टिपणे

पेलोपोनेशियन युद्ध नेमके कधी सुरू झाले हे लिहिताना थ्युसिडिडीजची पंचाईत झाली असणार. सगळ्या ग्रीक नगरांना मान्य असा सन नव्हता. महिन्यांची नावे वेगळी, वर्षारंभ वेगळा. म्हणून तो तीन खुणा देतो: अर्गोसमध्ये क्रायसिसला हेराची पुजारीण होऊन ४८ वर्षे झाली होती, स्पार्टात ऐनेसियस एफोर या पदावर होता, आणि अथेन्समध्ये पायथोडोरसच्या आर्कनपदाचे दोन महिने उरले होते. आपण इ.स.पू. ४३१ म्हणून मोकळे होतो. त्याला त्यासाठी एका बाईच्या सेवेची वर्षे मोजावी लागली, आणि तिघांत तिचे नाव त्याने पहिले घातले.

ही युक्ती त्याच्या एकट्याची नाही. लेस्बॉसच्या हेलॅनिकसने हेराच्या पुजारिणींच्या यादीवर अख्खा ग्रंथ उभा केला होता: कोणती घटना कोणत्या पुजारिणीच्या कितव्या वर्षी घडली, असा. ग्रंथ गेला, तुकडे राहिले.

*

थ्युसिडिडीजच्या त्याच दुसऱ्या खंडात, थोडे पुढे, पेरिक्लीसचे ते गाजलेले भाषण येते. युद्धात मेलेल्यांच्या विधवांना तो एकच सल्ला देतो: पुरुषांच्या तोंडी, स्तुतीसाठी असो की निंदेसाठी, जिचा उल्लेख कमीत कमी होईल ती बाई भली.

हे नुसते भाषणापुरते नव्हते. अथेन्सच्या कोर्टातली भाषणे वाचली की लक्षात येते, माणसे स्वतःच्या आईचे, बायकोचे, बहिणीचे नाव घेत नाहीत. अमक्याची मुलगी, तमक्याची बायको, एवढेच. नाव उच्चारले जाते ते बहुधा मेलेल्या बाईचे, बदनाम बाईचे, नाहीतर विरुद्ध पक्षाकडच्या बाईचे. डेव्हिड शॅप्सने १९७७ मध्ये हे नीट दाखवून दिले.

एका खंडात हे दोन्ही आहे. खाली जे टिपले आहे ते बरेचसे या दोन पानांच्या मधल्या जागेतले.

*

क्रायसिसचे पुढे काय झाले तेही थ्युसिडिडीज सांगतो. इ.स.पू. ४२३ चा उन्हाळा. तिने पेटता दिवा देवळातल्या फुलमाळांजवळ ठेवला आणि तिला झोप लागली. माळांनी पेट घेतला आणि सगळे देऊळ जळाले. पन्नासहून जास्त वर्षे सेवा झालेली ती म्हातारी बाई. अर्गोसकरांच्या भीतीने रातोरात फ्लायस गावी पळून गेली. अर्गोसने फाइनिस नावाची दुसरी पुजारीण नेमली. युद्धाची साडेआठ वर्षे क्रायसिसच्या कारकिर्दीत गेली, एवढी नोंद करून इतिहासकार पुढच्या लढाईकडे वळतो.

जवळजवळ सहाशे वर्षांनी प्रवासलेखक पॉसेनियस तिथे गेला. त्याच्या मते ती फ्लायसला नाही, टेजियाला पळाली होती. पण मला त्याचे दुसरे वाक्य जास्त मोलाचे वाटते: एवढा अनर्थ होऊनही अर्गोसकरांनी तिचा पुतळा काढून टाकला नाही. जळलेल्या देवळापुढे तो उभा होता.

*

याच्याही खूप आधीचे, इ.स.पू. ६५० च्या सुमाराचे एक दान. डेलॉसवर आर्टेमिसला वाहिलेली संगमरवराची उभी स्त्रीमूर्ती, माणसाच्या उंचीहून मोठी, सध्या अथेन्सच्या राष्ट्रीय संग्रहालयात. ग्रीकांच्या मोठ्या संगमरवरी मूर्तींपैकी ही सर्वांत जुन्यांतली. देणारी निकांद्रे. घाघऱ्यावर कोरलेल्या मजकुरात तिची ओळख दिली आहे: नॅक्सॉसच्या डाइनोडिकीसची मुलगी, डाइनोमेनीसची बहीण, फ्राक्सोसची बायको. बाप, भाऊ, नवरा, तिघेही हजर. तरी सुरुवात तिच्या नावाने होते.

*

अथेन्सच्या ॲक्रोपोलिसवरची अथेना पोलियस ही नगराची मुख्य देवी, आणि तिची पुजारीण एटेओबुटाड या एकाच घराण्यातली. वतनच म्हणायचे. एकदा बसली की मरेपर्यंत. लिसिमाखे नावाची पुजारीण ६४ वर्षे या जागेवर होती असे प्लिनी लिहितो. शिल्पकार डिमीट्रियसने केलेल्या तिच्या पुतळ्याबद्दल सांगताना. ॲक्रोपोलिसवर एका पुतळ्याचा बैठकीचा दगड सापडला आहे. त्यावर ८८ वर्षे जगलेल्या आणि ६४ वर्षे अथेनाची सेवा केलेल्या बाईची नोंद आहे, पण नेमका नावाचा भाग तुटला आहे. आकडा जुळला म्हणून दगड तिचा ठरला.

प्लुटार्कने तिची एक गोष्ट सांगितली आहे. देवळाचे सामान खेचरांवरून आणून देणाऱ्या गड्यांनी तिच्याकडे प्यायला मागितले. ती म्हणाली, नको, उद्या हाही विधीचा भाग होऊन बसेल. ज्यांनी कुठल्याही देवस्थानाचे मानपान जवळून पाहिले आहेत त्यांना या बाईची धास्ती लगेच पटेल.

लिसिस्ट्राटा हे ॲरिस्टोफेनीसच्या नायिकेचे नाव लिसिमाखेवरून सुचले असावे, असे डी. एम. लुईस यांनी १९५५ मध्ये मांडले. नाटक इ.स.पू. ४११ चे, म्हणजे लिसिमाखे तेव्हा पदावर असणे शक्य आहे. मला ही कल्पना आवडते. ती सिद्ध होणार नाही, पण बायका ॲक्रोपोलिस ताब्यात घेतात, खजिन्याचे दार लावतात, आणि पुरुषांना खाली उभे करतात, हे सगळे जिथे घडते ती जागा पुजारिणीची होती. प्रेक्षकांना हे सांगावे लागत नसणार.

*

अथेना पोलियसच्या पुजारिणीच्या पथ्यांपैकी एक: ॲटिकात तयार झालेले ताजे चीज तिने खायचे नाही. बाहेरून आलेले चालते. सलामिस बेटाचे चीज ती खाते, हा दाखला भूगोलकार स्ट्राबो सलामिस मूळचे अथेन्सचे नव्हते या वादात देतो. एका बाईच्या ताटातला पदार्थ सीमावादात पुरावा म्हणून!

*

इ.स.पू. ५०८ मध्ये स्पार्टाचा राजा क्लिओमेनीस सैन्य घेऊन अथेन्समध्ये घुसला आणि अथेनाच्या गाभाऱ्याकडे निघाला. तो दारातून आत येण्याआधीच पुजारीण आसनावरून उठली आणि म्हणाली, परत जा, डोरियन माणसाला इथे येण्याची मुभा नाही. तो म्हणाला, बाई, मी डोरियन नाही, अकियन आहे. हजरजबाबी खरा. पण हिरोडोटस लगेच सांगतो की तिसऱ्या दिवशी वेढ्यातून सुटका करून घेऊन त्याला निघावे लागले, म्हणजे बाईचाच शब्द खरा झाला.

इ.स.पू. ४८० मध्ये इराणी फौज येत असताना पुजारिणीने जाहीर केले की देवळातल्या नागाने दर महिन्याची मधाची पोळी या वेळी तशीच ठेवली आहे. देवीच गेली, असा लोकांनी अर्थ लावला आणि शहर भराभर रिकामे केले. प्लुटार्कला यामागे अथेन्सचा नेता थेमिस्टोक्लीस याचा हात दिसतो. असेलही. पण त्यालाही मंदिराच्या तोंडूनच बोलावे लागले, हे उरतेच.

दोन्ही ठिकाणी हिरोडोटस पुजारिणीचे नाव देत नाही.

*

अथेना नायकेचे छोटे देऊळ ॲक्रोपोलिसच्या दाराशी. तिच्या पुजारिणीसाठी अथेन्सने पाचव्या शतकात वेगळाच ठराव केला: घराणे नाही, सगळ्या अथेनियन बायकांतून निवड. वर्षाला ५० द्राख्मा, शिवाय सार्वजनिक बळींचे पाय आणि कातडी. शतकाच्या अखेरीस ॲक्रोपोलिसवर काम करणाऱ्या कारागिराला दिवसाला एक द्राख्मा मिळे, म्हणजे रोख रक्कम पन्नास दिवसांच्या मजुरीइतकी. खरी कमाई कातड्यांत असावी.

ठराव दगडावर कोरला आहे. त्याच दगडाच्या मागच्या बाजूला इ.स.पू. ४२४ च्या सुमाराचा दुसरा ठराव: हे पन्नास द्राख्मा कोणत्या अधिकाऱ्यांनी, कोणत्या महिन्यात द्यायचे. पगार मंजूर करणारा कागद वेगळा आणि पगार हातात पडण्याचा कागद वेगळा, ही प्रथा पुरातन दिसते.

मिर्रीने नावाच्या बाईचा समाधिलेख सापडला आहे. नायकेच्या देवळाची पहिली सेविका, सगळ्यांतून चिठ्ठीने निवडलेली, असे तो अभिमानाने सांगतो. लोकशाहीत पुरुषांना चिठ्ठीने पदे मिळत. इथे ती चिठ्ठी एका बाईच्या नावाची निघाली. सभेत मत नसलेल्या बाईला सभेच्या ठरावाने मिळालेले, पगारी पद.

*

इस्किनीसच्या एका भाषणात (इ.स.पू. ३३०) ओझरते येऊन जाते: पुजारी आणि पुजारिणी या दोघांनाही हिशेब द्यावा लागतो, जरी ते फक्त मानाचे वाटे घेत असले आणि तुमच्यासाठी प्रार्थना करत असले तरी. म्हणजे लेखापरीक्षणातून सुटका नाही.

*

लहान मुली. सात ते अकरा वर्षांच्या दरम्यानच्या, चांगल्या घरच्या काही मुली ॲक्रोपोलिसवर राहत. अथेनाच्या नव्या वस्त्राचे विणकाम सुरू होई तेव्हा त्या हजर असत. मुक्काम संपायच्या रात्री पुजारीण त्यांच्या डोक्यावर काहीतरी देई. काय दिले ते देणारीला ठाऊक नाही, नेणाऱ्यांनाही नाही. भुयारी वाटेने खाली जायचे, ते ठेवायचे, आणि दुसरे काहीतरी झाकलेले घेऊन वर यायचे. मग त्या घरी जात आणि दुसऱ्या मुली येत. हे पॉसेनियसने लिहिले आहे आणि त्याचाही सूर चकित झालेला आहे. विद्वानांनी त्या टोपलीत आजवर बरेच काय काय घातले आहे. मला ती झाकलेलीच बरी वाटते.

*

लिसिस्ट्राटा नाटकात बायकांचा कोरस नगराला उपदेश करायला उभा राहतो, तेव्हा आपला हक्क सिद्ध करण्यासाठी सेवांचा पाढाच वाचतो: सातव्या वर्षी अथेनाकडे, दहाव्या वर्षी दळण दळणारी, मग ब्राउरोनला अस्वल, मग अंजिरांची माळ घालून मिरवणुकीत टोपली वाहणारी. विनोदी नाटक आहे, आणि एकाच मुलीला हे सगळे मिळणे अशक्यच. पण युक्तिवाद विनोदी नाही. नगराने मला वाढवले, मी नगराची सेवा केली, आता ऐका. पुरुष हेच आपल्या लष्करी सेवेबद्दल म्हणत.

ती मिरवणुकीतली टोपली किती जड होती पाहा. इ.स.पू. ५१४ मध्ये हार्मोडियसच्या बहिणीला टोपली वाहायला बोलावले आणि मग लायकी नाही म्हणून परत पाठवले. त्या अपमानातून अथेन्सच्या सत्ताधीशाचा भाऊ हिपार्कस याचा खून झाला, अथेनाच्या पॅनथेनाइया उत्सवाच्या दिवशीच. हार्मोडियस आणि त्याच्या साथीदाराचे पुतळे झाले, त्यांच्या नावाची गाणी झाली. मुलीचे नाव कोणी लिहून ठेवले नाही.

*

ब्राउरोन, अथेन्सच्या पूर्वेला समुद्रकाठी. कथा अशी: माणसाळलेल्या अस्वलीने एका मुलीला ओरबाडले, मुलीच्या भावांनी अस्वलीला मारले, आर्टेमिस कोपली आणि रोगराई आली. उपाय हा की मुलींनी लग्नाआधी देवीसाठी ‘अस्वल’ व्हायचे. तिथे सापडलेल्या छोट्या मडक्यांवर मुली धावताना रंगवल्या आहेत, काही आखूड कपड्यांत, काही उघड्या.

पण माझा वेळ गेला तो अस्वलांवर नाही, कपड्यांच्या याद्यांवर. बायका आर्टेमिसला वस्त्रे वाहत, बाळंतपण सुखरूप झाले म्हणून बहुधा, आणि चौथ्या शतकाच्या मध्याला त्यांच्या नोंदी दगडावर कोरून ॲक्रोपोलिसवर ठेवल्या गेल्या. नोंदीची तऱ्हा भांडारगृहाची: वस्त्राचा प्रकार, रंग, काठ, कोणी दिले. कुठे अमके वस्त्र देवीच्या बसलेल्या मूर्तीवर आहे. कुठे नुसते ‘फाटके’. कुठे अर्धवट विणलेले. ओटीत आलेली साडी पुन्हा कपाटात जाते, तिची अशी नोंद आपल्याकडे कोणी तीनशे ओळी दगडावर कोरली असती का, असे वाटून गेले.

अर्धवट विणलेले का दिले असावे? युरिपिडीसच्या एका नाटकाच्या शेवटी अथेना सांगते की बाळंतपणात मेलेल्या बायकांची सुंदर वस्त्रे ब्राउरोनला इफिजिनियाला वाहिली जातील. त्यावरून काही अभ्यासकांनी ही अपुरी वस्त्रे मेलेल्यांची ठरवली. दगडावर तसे लिहिलेले नाही. विणणारी दुसऱ्या कामाला लागली असेल, किंवा तिला एवढेच द्यायचे असेल. लेखनिकाने कारण विचारले नाही. जे हातात आले ते लिहिले, आणि बाईचे नाव लिहिले. शेकडो नावे. ज्या शहरात ती कोर्टात उच्चारली जात नव्हती त्याच शहरात.

*

थेस्मोफोरिया. शरद ऋतूत पेरणीच्या तोंडावर, डिमीटरसाठी, विवाहित बायकांनी तीन दिवस घराबाहेर राहून करायचा उत्सव. पुरुषांना बंदी. पहिला दिवस वर जाण्याचा, दुसरा उपासाचा, जमिनीवर बसून, तिसरा सुंदर संततीचा. मधल्या दिवशी कोर्टे आणि सल्लागार मंडळ बंद, असे ॲरिस्टोफेनीसच्या पात्राच्या बोलण्यात येते.

याचा गाभा वासाचा आहे. डुकराची पिल्ले खोल खड्ड्यांत टाकलेली असत. तीन दिवस सोवळे पाळलेल्या बायका खाली उतरत, साप दूर जावेत म्हणून टाळ्या वाजवत, आणि कुजलेले अवशेष वर आणून वेदीवर ठेवत. त्यातले थोडे बियाण्यात मिसळले की पीक चांगले येते अशी श्रद्धा. हे ल्युसियनवरच्या एका जुन्या टिपेत आहे, आणि त्या टिपेवर आधुनिक काळात डोंगराएवढे लिहिले गेले. शेतीचा खतविषयक शहाणपणा की प्रजननाचे प्रतीक, या वादात मी पडत नाही. मला त्या उतरणाऱ्या बायकांचे धैर्य दिसते. अंधार, साप, आणि ती घाण हाताने उचलणे. नगराचे वर्षाचे धान्य याच्यावर अवलंबून आहे असे सगळे मानत असताना.

खर्च कोणाचा? पुरुषांचा. इसियसच्या एका भाषणात आहे की तीन टॅलेंटची मालमत्ता असलेल्याने आपल्या बायकोच्या वतीने गावच्या बायकांना थेस्मोफोरियाची मेजवानी द्यायची. दुसऱ्या एका भाषणात एक माणूस आपली आई आजोबांची औरस मुलगी होती हे सिद्ध करताना म्हणतो, गावच्या बायकांनी तिला उत्सवाची प्रमुख म्हणून निवडले होते. म्हणजे बायका आपापसांत निवडणूक करत, आणि तिचा निकाल पुरुषांच्या कोर्टात वारसाहक्काचा पुरावा ठरे.

कोलार्गोस गावच्या ठरावात दोन प्रमुख बायकांनी पुजारिणीला काय द्यायचे त्याची यादी आहे: सुके अंजीर, दारू, तेल, मध, पांढरे तीळ, काळे तीळ, खसखस, चीज, लसूण, आणि चार द्राख्मा रोख. इतकी चविष्ट कायद्याची कलमे मी दुसरीकडे वाचली नाहीत.

*

ॲरिस्टोफेनीसच्या थेस्मोफोरियावरच्या नाटकात एक विधवा उठते. नवरा सायप्रसला मेला, पाच पोरे, ती बाजारात देवांसाठी माळा विणून विकते. तिची युरिपिडीसवर तक्रार अशी की त्याने नाटकांतून देव नाहीत असे लोकांना पटवले आणि तिचा धंदा निम्म्यावर आला. बोलून झाल्यावर ती घाईने निघून जाते, कारण वीस माळांची ऑर्डर आहे. पुजारिणींबद्दल एवढे लिहिले जाते; हिच्याबद्दल फारसे कोणी लिहीत नाही.

*

मॅरेथॉनचा विजेता मिल्टिआडीस वर्षभरातच पॅरॉस बेटाला वेढा घालून बसला. पॅरॉसकरांची गोष्ट अशी की टिमो नावाची डिमीटरची दुय्यम सेविका, जी कैदेत होती, तिने त्याला काही उपाय सुचवला. तो कुंपणावरून उडी मारून थेस्मोफोरॉसच्या आवारात शिरला, दारापाशी अचानक भीतीने थरकापला, परत उडी मारताना मांडी दुखावली. त्या जखमेने तो पुढे मेला, ५० टॅलेंटचा दंड मुलाच्या डोक्यावर ठेवून. वेढा उठल्यावर पॅरॉसकरांनी डेल्फीला विचारले, टिमोला ठार मारावे का? शत्रूला वाट दाखवली, पुरुषांना वर्ज्य असलेले उघड केले. तिथे कौल देणारी पुजारीण, पिथिया, म्हणाली, नाही. दोष टिमोचा नाही. मिल्टिआडीसचा शेवट वाईटच व्हायचा होता.

एका देवळातल्या बाईने दुसऱ्या देवळातल्या बाईला वाचवले, असे हिरोडोटस म्हणत नाही. मी म्हणतो.

*

पिथियाबद्दल लोकांच्या मनात चित्र आहे ते वाफेत गुंगलेल्या, फेस येणाऱ्या, बरळणाऱ्या बाईचे. ते बरेचसे रोमन कवींकडून आले. पाचव्या शतकातल्या एका प्याल्यावर, जो आज बर्लिनमध्ये आहे, तिपाईवर थेमिस देवी बसली आहे: हातात वाडगा, दुसऱ्या हातात लॉरेलची फांदी, चेहरा शांत, आणि समोर राजा एजियस वाट पाहत उभा. २००१ मध्ये भूगर्भशास्त्रज्ञांनी देवळाखालच्या भेगांतून येणाऱ्या वायूंचा सिद्धान्त मांडला, त्याच्यावर आक्षेपही आले. वायू असो नसो. अनेक शतके राजे, वसाहती आणि कर्जबाजारी शेतकरी एका बाईच्या तोंडाकडे बघत बसले, याचे स्पष्टीकरण रसायनशास्त्रात सापडेल असे मला वाटत नाही.

प्लुटार्क स्वतः डेल्फीचा पुजारी होता. त्याच्या काळची पिथिया गरीब शेतकऱ्यांच्या घरातली, कुठलीही कला वा विद्या न शिकलेली, असे तो लिहितो, आणि त्यात त्याला कमीपणा वाटत नाही. पूर्वी गर्दीमुळे दोघी आळीपाळीने बसत, तिसरी राखीव. आता एक पुरते. त्यानेच आणखी एक प्रसंग दिला आहे. शकुन वाईट असताना परदेशी पाहुण्यांसाठी पुजाऱ्यांनी पिथियाला जबरीने आत पाठवले. तिचा आवाज बिघडला, ती किंचाळत दाराकडे धावली, कोसळली, आणि काही दिवसांत मेली. पाहुण्यांना नाही म्हणायचे धाडस पुरुषांना झाले नाही.

या शेकडो वर्षांतल्या पिथियांपैकी नावाने कोण उरले? एक अरिस्टोनिके, इ.स.पू. ४८० च्या सुमारास अथेन्सकरांना आधी पळून जा म्हणणारी. दुसरी पेरियाला. स्पार्टाच्या क्लिओमेनीसने, अथेनाच्या पुजारिणीशी हुज्जत घालणाऱ्या त्याच क्लिओमेनीसने, मध्यस्थामार्फत तिला वश करून प्रतिस्पर्धी राजा औरस नाही असा कौल मिळवला. उघडकीस आल्यावर मध्यस्थ डेल्फीतून परागंदा झाला आणि पेरियालाचे पद गेले.

*

डोडोनाच्या तिघी हिरोडोटसशी बोलल्या आणि त्याने नावे लिहून घेतली, वयाच्या क्रमाने: प्रोमेनिया, टिमारेटे, निकांद्रा. तिथे लोक शिशाच्या पट्टीवर प्रश्न लिहून देत. लायसेनियस नावाचा माणूस विचारतो, ॲनिलाच्या पोटातले मूल माझे आहे का? उत्तर आपल्यापर्यंत आलेले नाही. ॲनिलाचे नाव आले.

*

डायोनिससच्या वेड्या झालेल्या बायका. नाटकांत त्या डोंगरावर जनावरे फाडतात. मिलेटसच्या इ.स.पू. २७६ च्या सुमाराच्या नियमपत्रात मात्र हे आहे: नगराच्या वतीने पुजारिणीने कच्च्या मांसाचा विधी केल्याखेरीज इतर कोणी करायचा नाही, आणि स्वतंत्रपणे दीक्षा देऊ पाहणाऱ्या बाईने पुजारिणीला दर दोन वर्षांनी एक स्टेटर भरायचा. वेडाला परवाना शुल्क.

थियाड म्हणून ओळखल्या जाणाऱ्या बायका अथेन्सहून डेल्फीला येत, तिथल्या बायकांसह हिवाळ्यात पार्नासस चढत. प्लुटार्कने त्यांची एक गोष्ट लिहिली आहे, आणि त्याची मैत्रीण क्लिआ याच बायकांची प्रमुख होती, म्हणजे त्याला आतली माहिती होती. फोकिसच्या युद्धाचा काळ. रात्रभर भटकून दिशा हरवलेल्या थियाड शत्रुपक्षाच्या अँफिसा गावात शिरल्या आणि चौकात जिथे जागा मिळेल तिथे झोपल्या. गावात सैनिक भरलेले. अँफिसाच्या बायका धावत आल्या आणि त्यांच्याभोवती उभ्या राहिल्या. काही बोलल्या नाहीत, झोपलेल्यांना हात लावला नाही. त्या उठल्या तेव्हा प्रत्येकीने एकेकीची देखभाल केली, खायला दिले, आणि नवऱ्यांना विचारून त्यांना सीमेपर्यंत पोचवून आल्या.

युरिपिडीसच्या बाखीपेक्षा मला ही गोष्ट या पंथाबद्दल जास्त सांगते.

*

पेडासस गावी अथेनाच्या पुजारिणीला गावावर संकट येणार असले की लांब दाढी फुटे. हिरोडोटस पहिल्या खंडात म्हणतो, असे तीनदा झाले. आठव्या खंडात म्हणतो, दोनदा.

*

कबरींवरच्या पुजारिणी किल्लीवरून ओळखायच्या. किल्ली म्हणजे दोनदा काटकोनात वळवलेली लांब सळई, खांद्यावर टाकून न्यायची. अर्केडियातल्या लुसॉयची आर्टेमिसची कांस्याची किल्ली बॉस्टनच्या संग्रहालयात आहे, ४० सेंटिमीटरच्या आसपास. घरात कोठाराची किल्ली बाईकडे असे, आणि ॲरिस्टोफेनीसच्या बायका तक्रार करतात की नवऱ्यांनी तीही आता स्वतःकडे ठेवली. देवळाची मात्र तिच्याकडेच.

*

अथेन्समध्ये बाईला एका मेडिम्नॉस (धान्याचे माप) सातूच्या किमतीपलीकडे व्यवहार करता येत नाही, असे इसियस सांगतो. भाषण चौथ्या शतकातले. इ.स.पू. १०६ च्या सुमारास अथेना पोलियसची पुजारीण क्रायसिस, निकेटीसची मुलगी (अर्गोसची नव्हे), अथेन्सच्या मिरवणुकीबरोबर डेल्फीला गेली. डेल्फीने तिला दिलेल्या मानांत कौल आधी घेण्याचा हक्क आहे, संरक्षण आहे, आणि डेल्फीत जमीन व घर स्वतःच्या मालकीचे ठेवण्याचा हक्क आहे.

*

१९८० मध्ये ॲक्रोपोलिसच्या पूर्व उतारावर एक कोरीव शिला जागच्या जागी उभी सापडली. तिसऱ्या शतकाच्या मध्याची. ॲग्लॉरसची पुजारीण टिमोक्रिटे, पॉलिनिकसची मुलगी, हिने वर्षाच्या सुरुवातीचे बळी नीट पार पाडले म्हणून तिची प्रशंसा, पालवीचा मुकुट, आणि हा ठराव ॲग्लॉरसच्या देवस्थानात उभा करावा असा हुकूम. सभागृहात हे सांगितले कोणी? तिच्या मुलाने, ॲरिस्टोफेनीसने (नाटककार नव्हे). बळी तिचे, मुकुट तिचा, अहवाल मुलाचा.

ॲग्लॉरसचे स्थान तोवर उत्तर उतारावर मानले जाई. तरुण अथेनियन सैनिक शपथ घेत ते हेच, आणि इ.स.पू. ४८० मध्ये इराणी याच्याच शेजारून वर चढले असे हिरोडोटस लिहितो. शिला पूर्वेला निघाल्यामुळे ती चढाईची वाट नकाशावर सरकवावी लागली, आणि जुना बाजारचौकही पूर्वेलाच असणार असे बरेच अभ्यासक आता धरून चालतात.